पूजेचं पाणी

धायरी फाट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड होती आणि शेडवर पाटी होती: ‘गाडी चुकत नाही. माणूस चुकतो.’ गॅरेजचं नाव नाही, मालकाचं नाव नाही, उघडण्याची वेळ नाही. ज्याला गरज असेल तो येईल आणि ज्याला वाक्य झोंबेल त्यानं दुसरा मिस्त्री बघावा, असा एकंदर मामला. पाटी रज्जाक मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं रंगवली होती. तिच्यावर जीव इतका, की बाकी शेडमध्ये ग्रीसचे थर असले तरी पाटी रोज फडक्यानं पुसलेली असायची.

रज्जाक रविवार पेठेत वाढला. बापजादे भांड्यांना कल्हई करायचे. हा गाड्यांकडे वळला. धायरी तेव्हा नुकती शहरात ओढली जात होती. ज्वारीच्या रानात खांब उभे राहत होते आणि खांबांमागोमाग आमच्यासारखे लोक हप्त्यांवर फ्लॅट घेऊन राहायला येत होते. माझी स्कूटर आठवड्याआड आजारी पडायची, म्हणून मी रज्जाकचं जुनं गिऱ्हाईक. खरं सांगायचं तर स्कूटर धड असली तरीही मी तिथे जाऊन बसायचो. तिथे तमाशा फुकट असायचा.

बंद गाडी समोर आली की रज्जाक आधी मालकाला गप्प करी. ‘तुम्ही नका बोलू. गाडीला बोलू द्या.’ मग स्वतः किल्ली फिरवून ऐकायचा. इंजिन जोरात फिरतंय की नुसतं कण्हतंय? जोरात फिरत असेल तर बॅटरीला सोडून द्यायचं. मग पेट्रोल वरपर्यंत येतंय का बघायचं. ते येत असेल तर प्लगची वायर उपसून लोखंडाजवळ धरायची आणि ठिणगी पडते का पाहायचं. एवढं कुठलाही बरा मिस्त्री करतो. रज्जाकची खासियत पुढे होती. दोष सापडला की तो दुरुस्त करायच्या आधी, तो कुणाचा हे जमलेल्या लोकांसमोर सांगायचा. नाव घेऊन.

एका मंडपवाल्याची गाडी सारखी पेट्रोल पिऊन गुदमरायची. तीन मिस्त्री झाले. रज्जाकनं आत डोकावून बघितलं आणि मंडपवाल्याच्या बायकोकडे बोट केलं. ‘वहिनी, चोकच्या खुंटीला पर्स अडकवता ना? ती ओढली गेली की पेट्रोल जास्त जातं. घरी खिळे नाहीत का?’ लोक खो खो हसले. बाई लाल झाली, नवरा तिच्यावर रस्त्यातच ओरडला. रज्जाक शांतपणे हात पुसत राहिला. हा माणूस अपमान करताना आवाज चढवत नसे, म्हणून त्याचा अपमान जास्त लागायचा.

परका असो वा घरचा, त्याला फरक नव्हता. त्याची बायको सुरय्या हिचा सख्खा भाऊ अकबर एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गाडी तापून बंद पडली आणि रज्जाककडे ओढून आणली. अकबर मागे उभा राहून हात जोडत होता, डोळ्यांनी विनवत होता. रज्जाकनं रेडिएटरचं झाकण काढलं, आत कोरडं ठणठणीत. ‘शेठ, गाडीला पाणी पाजलं नाही तुमच्या ड्रायव्हरनं. माझा मेहुणा आहे, पण खरं ते खरं.’ अकबरची नोकरी तिथल्या तिथे गेली. सुरय्यानं पुढे कितीतरी दिवस नवऱ्याला ताट वाढलं, पण ‘जेवा’ म्हणाली नाही. रज्जाकला त्याचं काही वाटलं नाही. उलट ही हकिकत तो स्वतःच सांगायचा, आणि ऐकणारे म्हणायचे, ‘काय माणूस आहे! मेहुण्यालासुद्धा सोडलं नाही.’

अशा माणसाचं गावात वजन असतं. रज्जाकनं नाव घेतलं म्हणजे पंचांनी निकाल दिला. त्यावर अपील नाही.

शेडची जागा आप्पासाहेबांची होती. आप्पासाहेब म्हणजे धायरीचे जुने जमीनदार शेतकरी. रान विकून आता इमारती बांधायला लागले होते. अंगावर तोच पांढरा लेंगा-सदरा, फक्त बोटातल्या अंगठ्या वाढल्या होत्या. जागेचं लिखापढीत काही नव्हतं. ‘बस तिथं, कर धंदा,’ एवढ्या शब्दावर रज्जाक बसला होता, आणि ‘ऊठ’ या एका शब्दावर उठणार होता. हे त्यालाही ठाऊक होतं. सगळ्यांची नावं घेणाऱ्या रज्जाकनं आप्पासाहेबांचं नाव कधी घेतल्याचं मला तरी आठवत नाही. आम्ही समजायचो, त्यांच्या हातून कधी चूक होत नसेल.

त्या वर्षी आप्पासाहेबांनी पांढरी अँबॅसॅडर घेतली. जुनीच, पण घासूनपुसून नवरीसारखी केलेली. घरातली पहिली मोटार. दसऱ्याला सगळ्या भावकीसमोर तिची पूजा करायची आणि तिच्यातून देवीला जायचं असं ठरलं.

घरात एक सून होती, नीरजा. कर्वेनगरच्या श्यामसुंदर नावाच्या कारकुनाची मुलगी, बी.कॉम. झालेली. आप्पासाहेबांचा एकुलता एक मुलगा मच्छिंद्र याच्याशी लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात जे जे बिनसे ते सासू आनंदीबाई सुनेच्या खात्यावर टाकायच्या. बोअरला पाणी लागलं नाही, पायगुण. म्हैस आटली, पायगुण. तपासण्या एकट्या सुनेच्या झाल्या. मुलाला डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मच्छिंद्रसाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवातही झाली होती. पहिलीला घालवायला काही तरी निमित्त हवं होतं, आणि ते असं हवं होतं की भावकीनं बोट दाखवता कामा नये.

दसऱ्याच्या आधी आनंदीबाईंनी चार बायकांसमोर जाहीर करून टाकलं, ‘गाडीची पूजा नीरजाच करंल. बघू की तिचा हात कसा हाय ते. लक्ष्मी हाय का आवदसा हाय, त्या दिवशी कळंलच समद्यास्नी.’ बायका पदराआड हसल्या. नीरजाही हसली म्हणे. तिला वाटलं, गाडी तर चालूच आहे. चालू गाडी एका पूजेनं कशी बंद पडेल? शिकलेल्या मुलीचा हिशोब, दुसरं काय.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी गॅरेजवरच होतो. सणाचं म्हणून रज्जाकनंही नट-बोल्टचे पाने घासून मांडले होते, गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी त्यांना झेंडूची माळ घातली होती, आणि माझ्या स्कूटरचं पोट उघडून ठेवलं होतं. एवढ्यात मच्छिंद्र मोटारसायकलवरून धापा टाकत आला. गाडी सुरू होत नव्हती. पूजा झाली, नारळ फुटला, आप्पासाहेब फेटा बांधून पुढे बसले, आणि इंजिन नुसतं फिरत राहिलं.

‘चला,’ रज्जाक मला म्हणाला, ‘सणाची गंमत बघा.’ त्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

अंगणात ही गर्दी. नव्या साड्या, नवे फेटे, आपट्याच्या पानांच्या जुड्या. मध्ये ती पांढरी गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली ठेवलेलं लिंबू अजून अख्खं. आप्पासाहेब अजून पुढच्या सीटवर बसून होते, कारण उतरले तर हरल्यासारखं दिसलं असतं. गाडीपासून जरा दूर, हातात पूजेचं ताट तसंच धरून नीरजा उभी होती. ताट खाली ठेवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला ते सुचत नव्हतं. तिच्याभोवती मोकळी जागा राहिली होती. लोकांनी ती आपोआप सोडली होती.

‘आलं का ध्यानात?’ आनंदीबाई कुणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या. ‘काल झ्याक चालत हुती. आज हिचा हात लागला आन् बसली मुकाट.’

रज्जाकनं हे ऐकलं. नीरजाकडे बघितलं. इथे आज काय पणाला लागलंय ते त्याला आत पाऊल टाकताच कळलं होतं, असं त्यानंच मला पुढे सांगितलं.

मग तो कामाला लागला. किल्ली फिरवली, इंजिन जोरात फिरलं. बॅटरी ठीक. पेट्रोलची नळी सोडून पाहिली, पेट्रोल बोटांवर आलं. प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि मच्छिंद्रला किल्ली फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. दुसरी वायर. ठिणगी नाही. तेव्हा त्यानं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. या डबीतून प्रत्येक प्लगला वीज वाटली जाते, आणि ती आतून कोरडी हवी. मी त्याच्या खांद्यावरून डोकावत होतो. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब लोंबत होते.

इथे मला थोडं थांबून आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं, जे मला फार उशिरा कळलं. खंडेनवमीच्या संध्याकाळी आप्पासाहेब स्वतः गॅरेजवर येऊन रज्जाकचा गाड्या धुवायचा पंप घेऊन गेले होते. रज्जाकनं त्यांना बजावलं होतं, ‘आप्पासाहेब, वरून मारा. बॉनेट उघडून इंजिनावर मारू नका, पाणी आत घुसतं.’ आप्पासाहेब म्हणाले होते, ‘वर्साचा सण हाय. देवाला आंघूळ घालायची आन् त्वांड तेवढं धुवायचं व्हय?’ आमच्याकडे दसऱ्याला यंत्राला आंघोळ घालतात. चिखलानं भरलेला नांगर धुतात तसं लोक इंजिन धुतात, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या ढकलत बसतात. रज्जाकच्या धंद्यात दरवर्षी दसऱ्याला हा रोग ठरलेला. त्याला झाकण उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

त्यानं झाकण हातात धरलं. कोरड्या फडक्यानं पुसलं, फुंकर मारली, उन्हात धरलं. हे सगळं तो नेहमीपेक्षा सावकाश करत होता. लोक आता त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण पुढचा भाग सगळ्यांना पाठ होता. दोष सापडला, आता नाव.

‘काय झालंतं रं?’ आप्पासाहेबांनी आतूनच विचारलं.

‘पाणी गेलंय आत.’

‘पानी!’ आनंदीबाई पुढे सरकल्या. ‘कुनी घातलं पानी? सांग की, मिस्त्री. तू तर नाव घेतल्याबिगर सोडत न्हाईस.’

रज्जाकनं मान वर केली. खिडकीतून आप्पासाहेब त्याच्याकडे बघत होते. रागानं नाही. शांतपणे, शेतातल्या गड्याकडे बघावं तसे. पलीकडे नीरजा होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, सांगायला लाज वाटते, आशा होती. हा माणूस मेहुण्याला सोडत नाही. हा खरं सांगणार. त्या अख्ख्या अंगणात तिला तो एकटाच आपला वाटत होता.

रज्जाक म्हणाला, ‘पूजेचं पाणी दिसतंय.’

बस्स. तीन शब्द. त्यात नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

‘मी चाकांवरच घातलं पाणी,’ नीरजा म्हणाली. ‘चाकांवरच घातलं हो, सगळ्यांनी बघितलंय.’ ती ताटासकट पुढे सरकली आणि निरांजन आडवं झालं. ते बघून एक म्हातारी ‘अगं बया’ म्हणाली, झालं. विझलेलं निरांजन आणि बंद गाडी, भावकीला दोन पुरावे मिळाले. रज्जाकनं झाकण बसवलं, खिट्ट्या लावल्या, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा अजून संताप येतो.

‘देवीला नंतर जाऊ,’ आप्पासाहेब उतरत म्हणाले. ‘मच्छिंद्र, आधी हिला कर्वेनगरला सोडून ये. देवीम्होरं आसलं मानूस नगं. आन् मिस्त्री, तू बस संगं. वाटंत पुन्यांदा बंद पडली तर काय घ्या.’

कर्वेनगरपर्यंतचं मला रज्जाकनं एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून. मच्छिंद्र गाडी चालवत होता, रज्जाक त्याच्या शेजारी, मागे नीरजा आणि मांडीवर तिची बॅग. वाटेत मागून आवाज आला, अगदी सरळ, शाळेत शंका विचारावी तसा.

‘रज्जाकभाई, चाकावर घातलेलं पाणी इंजिनाच्या वर कसं चढलं?’

रज्जाकनं आयुष्यात हजार गाड्यांचे प्रश्न सोडवले होते. या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मच्छिंद्रनं कारण नसताना हॉर्न वाजवला.

कर्वेनगरला श्यामसुंदर सोसायटीच्या दारातच उभे होते, शेजाऱ्यांना सोनं वाटत. व्याह्यांची गाडी बघून त्यांचा चेहरा उजळला. सणाच्या दिवशी लेक-जावई नव्या गाडीतून आले! ‘अहो, ऐकलं का, ताट आणा, ताट!’ त्यांनी वर हाक दिली. नीरजाची आई मथुराबाई ताट-तांब्या घेऊन धावत खाली आली. तिनं गाडीला कुंकू लावलं, जावयाला खिडकीतूनच ओवाळलं, आणि चाकांवर घालायला तांब्या उचलला.

‘आई, पाणी नको घालूस,’ नीरजा म्हणाली.

‘अगं, शुभ असतं!’ म्हणत मथुराबाईनं चारी चाकांवर पाणी घातलं. सोसायटीतल्या बायका गॅलरीतून कौतुकानं बघत होत्या. रज्जाकनं मागची डिकी उघडून नीरजाची ट्रंक काढली आणि जमिनीवर ठेवली. ट्रंक बघून मथुराबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मच्छिंद्र उतरला नाही. ‘राहू द्या हितंच थोडं दिस,’ एवढं स्टिअरिंगकडे बघून म्हणाला आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

ते थोडे दिवस संपले नाहीत. पुढच्या लगीनसराईत मच्छिंद्रनं प्रेमला नावाची दुसरी बायको केली. तिलाही मूल झालं नाही. तेव्हा मात्र कुणी पायगुणाचं बोललं नाही. प्रेमलाचा बाप आप्पासाहेबांच्या बांधकामात भागीदार होता.

रज्जाकचं गॅरेज चालूच राहिलं, पण तमाशा बंद झाला. दोष सापडला की मुकाट्यानं दुरुस्त करायचा. लोक विचारायचे, ‘चूक कुणाची, मिस्त्री?’ तो म्हणायचा, ‘जुनी झालीये गाडी.’ हळूहळू बघे पांगले. मी एकदा चिडवलं, ‘काय रज्जाकभाई, पाटी बदला आता.’ त्यानं असं बघितलं की मी चहा अर्धा टाकून उठलो. त्याच रात्री म्हणे त्यानं सुरय्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अकबरच्या वेळी तुमची जीभ कशी चालली?’ दुसऱ्या दिवशी त्यानं मला सांगितलं. आदल्या संध्याकाळचा पंप, ते बजावणं, तो तीन शब्दांचा निकाल. ‘जागा गेली असती,’ तो म्हणाला. ‘या वयात कुठं गेलो असतो?’

जागा गेलीच. त्या रांगेत दुकानांचे गाळे काढायचे ठरले आणि एके दिवशी सकाळी आप्पासाहेब जेसीबी घेऊन हजर झाले. ‘ऊठ मिस्त्री,’ म्हणाले. ज्या एका शब्दाची भीती होती तो आला. रज्जाकनं सामान रस्त्यावर आणलं. ओळखीचे, बिनओळखीचे पुष्कळ लोक जमले. जेसीबीनं पत्र्याला दात लावले, आणि तो कर्कश आवाज ऐकून रज्जाकच्या आत काय तुटलं कोण जाणे. गमवायला आता काही उरलं नव्हतं, तेवढी हिंमत आली असेल. तो आप्पासाहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि कितीतरी वर्षांनी त्यानं नाव घेतलं.

‘आप्पासाहेब!’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. ‘त्या दसऱ्याला इंजिनात पाणी तुम्ही मारलं होतं! सुनेनं नाही! मी खोटं बोललो!’

जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं. सगळे आप्पासाहेबांकडे बघायला लागले. मलाही वाटलं, आता म्हाताऱ्याची तोंड लपवायची वेळ आली. आप्पासाहेबांनी पान चघळणं थांबवलं नाही.

‘मंग?’ ते म्हणाले. ‘मला म्हाईत न्हाई व्हय? मीच मारलं न्हवं ते. नळी आनंदीनं धरली हुती. निम्मी भावकी वट्यावर बसून बघत हुती.’

गर्दीतले धायरीचे दोघे-तिघे म्हातारे मान हलवत होते. हो, बघितलं होतं. त्यात काय एवढं?

‘समद्यास्नी ठाऊक हुतं?’ रज्जाकनं विचारलं. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडात पहिल्यांदाच त्यांची बोली आली.

‘ठाऊक आसून काय उपेग? आमी म्हनलो आसतो तर लोक म्हनले आसते, सासू-सासऱ्यानं पोरीला घालवली. म्हनून तर तुला बोलवायला धाडलं. तू खोटं बोलत न्हाईस, ह्ये गावाला ठाव हुतं.’ आप्पासाहेबांनी जेसीबीवाल्याला हात केला. मग पत्र्याखाली वाकडी होऊन पडलेली पाटी त्यांनी चपलेच्या टोकानं रज्जाककडे सरकवली. ‘ही घिऊन जा तुजी. चांगलं लिवलंय.’